बहुमाध्यमी ई-टपाल मानके

संगणक जालकावरून धाडावयाच्या पत्रात मजकुराबरोबरच चित्र, ध्वनी व निरनिराळ्या लिप्या यांचा समावेश कसा करावा, हे ठरविणाऱ्या नियमांस बहुमाध्यमी ई-टपाल मानके म्हणतात. ‘माइम’ हे त्यांपैकी सर्वाधिक प्रचलित मानक होय.

१९८२ च्या आरएफसी ८२२ या मानकानुसार पत्रातील मजकूर ७ बिटांच्या आस्की संकेतात असे. त्यात १२८ च चिन्हे असून अक्षरे केवळ रोमन लिपीची होती. भारतात अर्नेट या शैक्षणिक जालकाची उभारणी १९८६ मध्ये सुरू झाली. त्यातून मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी यांच्यात १९८७ मध्ये ई-टपाल सुरू झाली. भारतीय लिप्यांसाठीच्या इस्की या संकेतास १९९१ मध्ये राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. परंतु तो ८ बिटांचा होता. वाटेतील एखाद्या संगणकाने आठवा बिट गाळल्यास देवनागरी मजकुराची निरर्थक रोमन चिन्हे होत.

नॅथॅनिएल बोरेनस्टाइन व नेड फ्रीड यांनी तयार केलेले माइम मानक जून १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९३ व १९९६ मध्ये त्याची सुधारणा झाली. जुनी टपालयंत्रणा न बदलता पत्राचीच मांडणी बदलणे, हे त्याचे वैशिष्ट्य आहे. पत्राच्या शीर्षभागात आशयाचा प्रकार व वर्णसंकेत नोंदविलेला असतो. पत्राचे अनेक भाग असल्यास ते सीमाचिन्हांनी विलग केले जातात. ‘बेस-६४’ या पद्धतीत दर ३ बाइटांचे ४ आस्की चिन्हांत रूपांतर होते व ग्राहकाचा संगणक त्यांवरून मूळ आशय पुन्हा सिद्ध करतो.

उदा., ‘नंदुरबार’ या शब्दात अनुस्वार व मात्रा धरून युनिकोडची ८ चिन्हे आहेत. यूटीएफ-८ संकेतात त्यांचे २४ बाइट व बेस-६४ मध्ये ३२ चिन्हे होतात. आकारमान एकतृतीयांशाने वाढते. परंतु शब्द अविकृत पोहोचतो.

वर्णसंकेताची नोंद चुकीची असल्यास मात्र मजकूर वाचता येत नाही. खाजगी संकेतांवर आधारलेल्या देवनागरी टंकांत लिहिलेली पत्रे तोच टंक नसलेल्या ग्राहकास निरुपयोगी ठरत. युनिकोडच्या प्रसारानंतर ही अडचण पुष्कळ अंशी दूर झाली. ई-टपालाच्या पत्त्यातही देवनागरीसारख्या लिपी वापरण्याची तरतूद २०१२ च्या मानकांनी केली.