दुरुस्तीला जागा ठेवलेली गाडी

जुन्या मोटारींच्या दीर्घ पल्ल्याच्या रॅलीत वेगाला दुय्यम आणि टिकण्याला पहिले स्थान असते. पेकिंग ते पॅरिस ही या प्रकारातली सर्वांत नावाजलेली रॅली असून, तीत १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बनावटीच्या गाड्या भाग घेतात, सुमारे पाच आठवडे रोज काही शे किलोमीटर अंतर कापतात आणि त्यातला मोठा भाग मंगोलिया किंवा मध्य आशियातल्या डांबर न पाहिलेल्या वाटांवरून जातो. इतक्या प्रवासात गाडीचे काहीच मोडणार नाही, असे धरून चालणारा मालक सहसा दुसऱ्या आठवड्यात मालमोटारीच्या पाठीवर दिसतो. गाडी तयार करणे म्हणजे ती अभेद्य करणे, ही समजूत म्हणूनच बाजूला ठेवावी लागते. काय मोडू द्यायचे, काय कधीही मोडू द्यायचे नाही आणि जे मोडेल ते रस्त्याच्या कडेला किती हत्यारांत जोडता येईल, याचा आधीच केलेला विचार हेच या तयारीचे खरे सार आहे.

या विचाराचा पहिला धडा १९०७ साली मिळाला. त्या वर्षी १० जून रोजी पेकिंगहून पाच वाहने पॅरिसकडे निघाली आणि प्रिन्स शिपिओने बोर्गेसे, त्याचा यंत्रज्ञ एत्तोरे गुइझार्दी आणि पत्रकार लुइजी बार्झिनी यांची इटाला गाडी १० ऑगस्टला सर्वांच्या आधी पॅरिसला पोचली. तिचे इंजिन सात लिटरांहून मोठे होते, त्यामुळे यशाचे श्रेय इंजिनाला देण्याचा मोह होतो. पण बोर्गेसेच्या तयारीकडे पाहिले तर श्रेय दुसरीकडे जाते. गाडीच्या रुंदीएवढी बांबूची काठी घेऊन तो आधी घोड्यावरून पेकिंगच्या उत्तरेचे घाट हिंडला आणि कोणत्या खिंडीतून गाडी जाईल हे त्याने मोजून घेतले. पेट्रोलचे साठे उंटांच्या तांड्यांकरवी वाटेतल्या मुक्कामांवर आधीच पोचते झाले होते. पुढे रशियात लाकडी आऱ्यांचे एक चाक निकामी झाले, तेव्हा कारखाना हजारो किलोमीटर दूर असताना एका खेडुत सुताराने केवळ कुऱ्हाडीच्या बळावर ते पुन्हा उभे केले. ते चाक लाकडाचे होते म्हणून सुताराच्या हाताला आले. जिथे जायचे तिथल्या कारागिराला कळेल असाच भाग गाडीत असावा, हे सूत्र तेव्हापासून आजवर बदललेले नाही.

मराठी वाचकाला जवळची वाटावी अशी दुसरी घटना १९६८ च्या लंडन–सिडनी मॅरेथॉनची आहे. २४ नोव्हेंबरला लंडनहून ९८ गाड्या निघाल्या; तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून त्यांपैकी ७२ मुंबईला पोचल्या आणि इथून चुसान नावाच्या जहाजाने त्या ऑस्ट्रेलियाला रवाना झाल्या. सिडनीला पोचणाऱ्या ५६ गाड्यांमध्ये पहिली आली ती अँड्र्यू कोवनची हिलमन हंटर, म्हणजे १७२५ सीसीची चारचौघांसारखी कुटुंबाची गाडी. अखेरच्या टप्प्यापर्यंत आघाडीवर असलेल्या ल्युसिएँ बियांकीच्या सिट्रोएनला सिडनी जवळ आलेली असताना समोरून आलेल्या गाडीची धडक बसली नसती, तर निकाल निराळा लागला असता हे मान्य करावे लागते. पण त्या क्षणी लगेच मागे असण्यासाठी हिलमनला आधी तिथवर धड पोचावे लागले होते. हीच गाडी १९६७ पासून इराणमध्ये पेकान या नावाने जोडली जात होती आणि पुढे काही दशके ती तिथल्या रस्त्यांवरची सर्वसामान्य गाडी ठरली, ही गोष्टही तिच्या साधेपणाबद्दल पुरेसे सांगून जाते. १९९७ साली पेकिंग–पॅरिस रॅली तिबेट, नेपाळ आणि भारतमार्गे पुन्हा भरवण्यात आली, तेव्हाही जिंकली ती १९४२ ची विलीज जीप. महिंद्र कंपनीने स्वातंत्र्यानंतर मुंबईत जिची जुळणी सुरू केली त्याच घराण्यातली ही जीप असल्याने, तिचे बॉनेट उघडल्यावर काय दिसते हे महाराष्ट्रातल्या जुन्या फिटरांना सांगावे लागत नाही.

तयारीचा आरंभ वजनापासून होतो आणि बहुतेकांची चूकही तिथेच होते. एक टनाच्या गाडीत दोन माणसे, दोन स्टेपन्या, पेट्रोलची जादा टाकी, पिण्याचे पाणी, तंबू, सुटे भाग, हत्यारे आणि खालचे संरक्षक पत्रे चढवले की तीन-चारशे किलो कधी वाढतात ते कळत नाही. शंभर लिटर पेट्रोलच सुमारे पंचाहत्तर किलो भरते. हे वजन पाट्यांवर, चाकांच्या बेअरिंगांवर, ब्रेकवर आणि क्लचवर पडते. मग मालक जाड पाटे बसवतो, ते कडक असल्याने हादरे चासीत जातात, म्हणून चासीला पट्ट्या जोडतो आणि पट्ट्यांचे वजन पुन्हा पाट्यांवर येते. हे चक्र तोडण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे गाडी पूर्ण भरून वजनकाट्यावर नेणे, पुढच्या आणि मागच्या चाकांवरचा भार वेगळा मोजणे आणि मग सामानातली एकेक वस्तू हातात घेऊन तिच्यावाचून चालेल का, असे विचारणे. पेट्रोल आणि स्टेपन्या यांसारख्या जड वस्तू दोन्ही आसांच्या मधे आणि शक्य तितक्या खाली ठेवाव्यात, कारण मागच्या टोकाला लोंबणारे वजन प्रत्येक खड्ड्यात तरफेसारखे काम करते.

यानंतर येतो तो धातूच्या थकव्याचा प्रश्न. धातू एका मोठ्या धक्क्याने मोडतो त्यापेक्षा लाखो लहान धक्क्यांनी अधिक वेळा मोडतो. एखाद्या छिद्राच्या काठाशी, टोकदार कोपऱ्याशी किंवा वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर पडते आणि ती रोज थोडी सरकते. म्हणून अनुभवी कारागीर चासीच्या वरच्या व खालच्या कडेला कधी छिद्र पाडत नाही आणि मजबुतीसाठी जोडलेली पट्टी चौकोनी न कापता दोन्ही टोकांना निमुळती ठेवतो, कारण आडवे वेल्डिंग चासीच्या रुंदीभर गेले की नेमकी तीच रेषा तिची कमकुवत जागा बनते. ज्या गाड्यांना स्वतंत्र चासी नसून पत्र्याची पेटीच सगळा भार उचलते, त्यांत कारखान्याने ठिपक्याठिपक्यांनी सांधलेले जोड सलग वेल्ड करण्याची पद्धत आहे. आत बसवलेला सुरक्षा-पिंजरा गाडी उलटल्यास माणसांना वाचवतोच, शिवाय पेटीला ताठरपणाही देतो.

मंगोलियात किंवा ऑस्ट्रेलियात वाहनांच्या येण्याजाण्याने कच्च्या रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्या उठतात आणि त्यांवरून तासन्‌तास जाताना सर्वाधिक सोसावे लागते ते शॉकअबना. शॉकअब म्हणजे तेलाने भरलेली नळी. तिच्यातला दट्ट्या बारीक छिद्रांतून तेल ढकलतो आणि पाट्यांची उसळी शमवून तिची उष्णता करतो. साध्या रस्त्यावर ही उष्णता हवेत विरून जाते, पण वळ्यांवर ती साठत जाते, तेल पातळ होते, त्यात हवा मिसळून फेस येतो आणि शॉकअब नावापुरता उरतो. मग गाडी उसळत राहते आणि पाट्याचे मुख्य पान तुटते. यावर उपाय म्हणून तेलाचा जादा साठा बाहेर असलेले शॉकअब बसवतात किंवा एकेका चाकाला दोन-दोन लावतात. तरीही शॉकअब शाबूत राहून तो ज्या ब्रॅकेटवर बसवला आहे ते ब्रॅकेटच उखडले, असे प्रकार घडत राहतात. ताकद वाढवलेल्या प्रत्येक भागाचा भार पुढच्या कमकुवत भागावर जातो, ही साखळी कुठवर नेऊन सोडायची हे कारागिराने ठरवायचे असते. बदलता येणाऱ्या बोल्टावर ती सोडणारा कारागीर शहाणा म्हणावा.

इंजिनाच्या बाबतीत शक्ती वाढवण्यापेक्षा ती सोडून देण्याची तयारी हवी. मंगोलियाच्या आतल्या भागात ८० च्या आसपास ऑक्टेनचे पेट्रोल मिळत आले आहे. ऑक्टेन म्हणजे दाब सोसूनही आपोआप न पेटण्याची पेट्रोलची क्षमता. ती कमी असेल आणि इंजिन मिश्रणाला फार दाबत असेल, तर ठिणगीची ज्वाला पोचण्याआधीच उरलेले मिश्रण एकदम पेटते, टक्‌टक्‌ आवाज येतो आणि पिस्टनच्या माथ्याला इजा होते. विलीज जीपचे इंजिन मिश्रणाला सुमारे ६.५ ला १ एवढेच दाबत असल्याने तिला कोणतेही पेट्रोल पचते. त्यानंतरच्या तेजतर्रार गाड्यांना मात्र जाड हेड गॅस्केट घालून दाब कमी करावा लागतो किंवा ठिणगीची वेळ मागे घ्यावी लागते. उंचीचा प्रश्न याहून निराळा आहे. तिबेटमध्ये ५,००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्के असते, पण कार्ब्युरेटर त्या मानाने पेट्रोल कमी करत नाही, त्यामुळे मिश्रण दाट होऊन इंजिन काळा धूर ओकते. अशा वेळी जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी छिद्राची तोटी, लहान बसवावा लागतो आणि म्हणूनच, खाली हात घालून एका नटाने मिश्रण पातळ करता येणारा जुना एसयू कार्ब्युरेटर या प्रवासात फार सोयीचा ठरतो.

त्याच उंचीवर पाणी ८३–८४ अंशांना उकळते. रेडिएटरचे झाकण आतला दाब राखून हा उत्कलनबिंदू वर नेत असल्याने, त्या स्वस्त झाकणाचे रबर पाहणे हे नवा रेडिएटर घेण्याइतकेच महत्त्वाचे आहे. पेट्रोलही उकळते. जुन्या गाडीत पेट्रोलपंप इंजिनाच्या अंगाला चिकटलेला असतो आणि उन्हात, चढावर, पहिल्या गिअरमध्ये तो इतका तापतो की नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा थांबतो. टाकीजवळ विजेचा पंप बसवला की पेट्रोल नळीत दाबाखाली राहते आणि हा त्रास बराच कमी होतो. मूळचा पंप मात्र काढून फेकू नये, तो सुट्या भागांत जपून न्यावा.

विजेच्या भागात जुने आणि नवे यांचा वाद नेहमी रंगतो. डेल्कोतले, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटून देणाऱ्या यंत्रातले, पॉइंट, अर्थात ठिणगीसाठी विद्युतप्रवाह तोडणारी धातूची जोडी, झिजतात आणि त्यांच्यातली फट वारंवार तपासावी लागते. त्याऐवजी इलेक्ट्रॉनिक संच बसवला तर महिनाभर हात लावावा लागत नाही, पण तो बंद पडला की पूर्वसूचनेशिवाय आणि कायमचा बंद पडतो. पॉइंट कुरकुरत मरतात आणि काचकागदाच्या एका फटक्याने पुन्हा जिवंत होतात. प्रस्तुत लेखाचा कल उघडपणे पॉइंटकडे आहे; मात्र इलेक्ट्रॉनिक संच लावून, पॉइंट आणि कंडेन्सर जुळवलेला दुसरा अख्खा डेल्को सोबत नेणाऱ्यांचे म्हणणेही खोडून काढता येत नाही. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत साऱ्या वायरिंगला जेमतेम दोन फ्यूज असतात, त्यामुळे सुती वेष्टणाच्या जुन्या तारा काढून नव्या घालताना प्रत्येक महत्त्वाच्या दिव्याला, पंख्याला आणि पंपाला स्वतंत्र फ्यूज देणे हे या तयारीतले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फलदायी काम ठरते.

ब्रेकच्या नळ्यांसाठी शुद्ध तांबे वापरू नये, कारण सततच्या कंपनाने ते ठिसूळ होते. तांबे-निकेलची नळी घ्यावी आणि ती चासीच्या आतल्या बाजूने न्यावी. ऑइल चेंबरखाली जाड ॲल्युमिनियमचा पत्रा हवाच, पण त्यात तेल सोडण्याच्या बुचापुरते भोक नसेल तर तेल बदलताना दर वेळी अख्खा पत्रा उतरवावा लागतो.

सुट्या भागांची निवड ही गाडीच्या स्वभावाची परीक्षा असते. वॉटर पंप, फॅनबेल्ट, होज पाइप, गॅस्केटचा संच, हाफ शाफ्ट, बेअरिंगे आणि पाट्याचे एक मुख्य पान एवढे घेतले तरी पेटी भरते. या भागांइतकेच मोल बांधायच्या तारेला, जाड पट्ट्यांना आणि धातू सांधणाऱ्या लांबीला असते. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या ब्रिटिश गाडीला व्हिटवर्थ मापाचे पाने लागतात, नंतरच्या गाडीला इंचाच्या दुसऱ्या मापाचे, तर युरोपीय गाडीला मिलिमीटरचे. आणि मधल्या पन्नास वर्षांत कुणीतरी कुठे तरी मिळेल तो बोल्ट घातलेला असतो. सगळे बोल्ट एका मापात आणून पान्यांची संख्या आठ-दहावर आणणारा मालक वजन वाचवतो आणि अंधारात चाचपडण्याचा वेळही.

दिशादर्शनासाठी रोडबुक मिळते. प्रत्येक वळणाचे बाण-ठिपक्यांचे छोटे चित्र आणि मागच्या वळणापासूनचे अंतर त्यात असते. नेदरलँड्समधल्या ट्युलिप रॅलीवरून या चित्रांना ट्युलिप म्हणतात. अंतर मोजणारे यंत्र टायरच्या घेरावर अवलंबून असल्याने ते जुळवण्याचे काम प्रवासातल्याच टायरांवर आणि प्रवासातल्याच वजनासह करावे लागते.

शेवटचा टप्पा म्हणजे तालीम. गाडी पूर्ण भरून, निघण्याच्या निदान दोन-तीन महिने आधी, हजार-दीड हजार किलोमीटर खराब रस्त्यांवर चालवली जाते आणि परतल्यावर ती पुन्हा सुटी करून प्रत्येक जोड धुऊन पाहिला जातो, कारण चीर धुळीखाली दिसत नाही. मग प्रत्येक नट ठरलेल्या जोराने आवळून त्याच्यावरून खालच्या भागापर्यंत पिवळ्या किंवा पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ ओढतात. पुढे वाळवंटातल्या मुक्कामावर, तंबू ठोकण्याच्या आधी, मालक टॉर्च घेऊन गाडीखाली आडवा होतो आणि पान्याला हात न लावता नुसत्या रेघा पाहत जातो. रेघ जिथे सलग आहे तिथे काही करायचे नसते, जिथे ती तुटून दोन टोके सरकलेली दिसतात तिथे नट ढिला झालेला असतो, आणि त्या रात्री तेवढ्याच जागी पाना लागतो.