अम्मीचा बोरू

आमच्या अम्मीने शाळेत असताना एलिमेंटरी ड्रॉइंगची परीक्षा दिली होती. इंटरमिजिएट राहिली, ती राहिलीच. १८व्या वर्षी निकाह, मग आम्ही चार भावंडे, दादीचे आजारपण. चित्र काढू नकोस असे तिला कोणी म्हटले नाही. फक्त दुपार कधी तिची उरली नाही. आपल्या घरांतल्या बायकांचे छंद धर्मापेक्षा स्वयंपाकघरानेच जास्त बुडवले, असे माझे मत आहे.

गेल्या वर्षी, ६१व्या वर्षी, तिने ईदीच्या पैशांतून बोरू आणि शाई आणवली. मला वाटले, फुले-पाने काढेल. ती म्हणाली, "कुरआन रोज वाचते, पण अक्षर बनतं कसं ते कधी बघितलंच नाही."

खत्ताती म्हणजे नुसते सुंदर अक्षर नव्हे, त्यात हिशेब आहे. बोरूचे टोक तिरके कापायचे. दौतीत रेशमाचे धागे ठेवायचे, म्हणजे बोरू जादा शाई उचलत नाही. बोरू टेकवून ओढला की उमटणारा चौकोनी ठिपका, नुक्ता, हेच माप. नस्तालीकमध्ये अलिफ साधारण तीन नुक्त्यांचा, नस्खमध्ये पाच, सुलुसमध्ये सात.

या मापाशी बगदादच्या इब्न मुक्ला यांचे नाव जोडलेले आहे. ते अब्बासी खलिफांचे वजीर होते. दरबारी राजकारणात त्यांचा उजवा हात तोडला गेला आणि ९४० साली ते कैदेत वारले. तुटल्या हाताला बोरू बांधून ते लिहीत, असे सांगतात.

हे मी अम्मीला मुद्दाम सांगितले. चिकनगुनियापासून तिची बोटे आखडतात. तिसऱ्याच आठवड्यात तिने बोरू डब्यात ठेवून दिला होता. ती म्हणाली, "बेटा, हाताचं काय नाही. अलिफ अर्धा होतो आणि तू चहा मागतोस."

मी गप्प झालो. खरेच होते ते.

आता जोहर ते असर जेवणाचे टेबल तिचे. चहा मी करतो. बोटे दुखली की ती कोमट पाण्यात बुडवते आणि परत बसते. अलिफ अजून डावीकडे कलतो. 'बे'खालचा नुक्ता मात्र आता चौकोनी येतो. काल चहा पातळ झाला होता. तिने काही न बोलता घेतला आणि दुसरा कागद ओढला.