कोर्टाचे पैसे भरले, तरी सिबिलमध्ये ‘सूट फाइल्ड’ का दिसतंय?

विरारला वन बीएचके घ्यायचा म्हणून होम लोनचा अर्ज केला आणि तो नामंजूर झाला. सिबिल रिपोर्ट उघडला, तर मित्राच्या कर्जाच्या खात्यात ‘सूट फाइल्ड’. मी फक्त जामीन होतो! वसई कोर्टात आमच्याविरुद्ध डिक्री झाली होती, हे खरं. पण आम्ही दोघांनी मिळून सगळी रक्कम फेडली होती. मग हे अजून का?

कारण साधं आहे. रिपोर्टमधली ही नोंद कोर्ट करत नाही, कर्ज देणारी बँक किंवा फायनान्स कंपनी करते. म्हणून मॅटर दोन ठिकाणी बंद करावं लागतं: कोर्टात आणि रिपोर्टमध्ये.

१) आधी केस बघा

‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ हे सरकारी ॲप मोफत आहे. १६ अक्षरी सीएनआर नंबर टाका. नंबर नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधा. वसुलीची दरखास्त चालू आहे का, तेही तपासा.

२) भरणा कोर्टात नोंदवा

डिक्रीची रक्कम कोर्टाबाहेर परस्पर भरली असेल, तर कोर्टात नोंद झालीच पाहिजे. नोंद नसलेला भरणा दरखास्तीत धरला जात नाही, आणि पैशांच्या डिक्रीची दरखास्त १२ वर्षांपर्यंत लावता येते. समोरचा पक्ष नोंद करत नसेल, तर भरल्यापासून ३० दिवसांत तुम्हीच अर्ज करा. इथे वकील गाठाच.

३) एनओसी नीट वाचा

पूर्ण रक्कम भरली असेल तर खातं ‘क्लोज्ड’ दिसायला हवं. लोकअदालतीत किंवा बाहेर कमी रकमेत तडजोड केली, तर ‘सेटल्ड’ लागतं. पुढची बँक ते बघून बिचकते.

४) डिस्प्यूट टाका

सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही तपासा. जिथे चूक दिसेल तिथे ऑनलाइन डिस्प्यूट टाका आणि एनओसी जोडून बँकेलाही ईमेल करा. ३० दिवसांत तक्रार सुटली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत ऑनलाइन तक्रार करता येते.

आता खरी गोष्ट. माझं ‘सूट फाइल्ड’ निघालं, पण उशिरा भरलेल्या हप्त्यांचा इतिहास तसाच आहे. तो खरा आहे, त्यामुळे डिस्प्यूट टाकून जात नाही. ‘पाच हजारांत सिबिल क्लीन’ म्हणणाऱ्या एजंटलाही तो पुसता येत नाही. ओटीपी तर त्याला अजिबात देऊ नका.

माझा फ्लॅट सध्या लांबलाय. तुम्ही कुणाला जामीन राहिला असाल, तर आजच रिपोर्ट उघडून बघा. मी तो लोन नाकारल्यावर उघडला.