स्कूबासाठी वेटसूट कसा निवडाल? आधी माप, मग जाडी!

2016 मध्ये कॅशलेस गाव म्हणून गाजलेल्या आमच्या धसईत समुद्र नाही, पण फोनवरून वेटसूट मागवणं दोन मिनिटांचं काम. तारकर्लीला निघालेले गावाकडचे मित्र मला विचारतात, "5 एमएमचा घेऊ ना? जाड म्हणजे भारी!" तसं नसतं.

वेटसूट पाणी पूर्ण अडवत नाही. आत शिरलेला पाण्याचा पातळ थर अंगाच्या उष्णतेने कोमट होतो. ती ऊब टिकवतात निओप्रीन रबरातले वायूचे बारीक बुडबुडे.

जाडी: तारकर्ली-मालवणच्या कोमट पाण्यात साधारण 3 एमएम पुरतो. जाड सूटमध्ये बुडबुडे जास्त, म्हणून तो जास्त तरंगतो आणि खाली जायला कमरेला जास्त वजन बांधावं लागतं. 10 मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे दबतात, तरंगणं कमी होतं. पण वजन तेवढंच राहतं! नवख्याला तोल सांभाळणं इथेच जड जातं.

माप: घालून हात वर करा, वाका, खोल श्वास घ्या. काखेत किंवा पाठीच्या खालच्या भागात पोकळी राहिली, तर थंड पाणी सतत आत-बाहेर करेल. मान आवळली किंवा श्वास अडला, तर तो सूट नकोच.

एकदाच जाणार असाल तर विकत घेऊ नका. बुकिंग करतानाच सेंटरला विचारा, तुमच्या मापाचा सूट मिळेल का? ऑनलाइन घेणारच असाल, तर साइज चार्टसोबत रिटर्न पॉलिसीही वाचा.