ध्वजाआधीचा युक्तिवाद

समलिंगी, म्हणजे आपल्याच लिंगाच्या व्यक्तीविषयी प्रेम व आकर्षण वाटणाऱ्या माणसांच्या हक्कांची चळवळ इंद्रधनुषी ध्वजावरून ओळखली जाते आणि त्यामुळे ती परदेशातून आली, असा समज आपल्याकडे रूढ आहे. चिन्हांपुरता तो खरा आहे. गिल्बर्ट बेकर यांनी कल्पिलेले पहिले ध्वज १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्वयंसेवकांनी कापड हाताने रंगवून शिवले. त्यांत आठ रंग होते, पण गडद गुलाबी कापड बाजारात सहज मिळेना म्हणून तो पट्टा गळाला आणि पुढे सहाच उरले. त्याआधीचा गुलाबी त्रिकोण तर नाझी छळछावण्यांत समलिंगी कैद्यांच्या कपड्यांवर शिवला जाई. अपमानाची ती खूण चळवळीने निर्धाराने आपलीशी केली.

विचार मात्र मराठी मुलखात फार आधी मांडला गेला होता. जुलै १९२७ मध्ये र. धों. कर्वे यांनी मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक प्रश्नांची शास्त्रीय चर्चा करणारे मासिक सुरू केले. वाचक त्यात उघडपणे प्रश्न विचारीत आणि कर्वे तितकीच उघड उत्तरे देत. हस्तमैथुन व समलिंगी संबंध यांवरील अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तेव्हा १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. लैंगिक विषयावरचे लेखन केवळ विषयामुळे अश्लील ठरत नाही, लोक शंका विचारतात तर त्यांना उत्तर मिळालेच पाहिजे, असे सांगून त्यांनी समलिंगी प्रवृत्तीसंबंधी हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार दिला. खटल्यात हार झाली आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला, पण या युक्तिवादाचे मोल निकालावरून ठरवणे अन्यायाचे होईल. कर्व्यांनी मासिक १९५३ पर्यंत, मरेपर्यंत चालवले.

संघटित चळवळ मुंबईत उभी राहिली ती पुढे, अशोक राव कवी यांच्या ‘बॉम्बे दोस्त’ या १९९० च्या नियतकालिकातून आणि १९९४ च्या हमसफर ट्रस्टमधून. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द केले. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात नाकारून तो प्रश्न न्यायालयाने कायदेमंडळावर सोडला.