जुन्या जीपचें स्टिअरिंग व हॉर्न

मोटारींत बसण्याची हौस कोणास नसते? परंतु ती बिघडली म्हणजे तिच्या पोटांत शिरून पाहण्याची हौस फार थोड्यांस असते. आपल्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत ही दुसरी हौस बाळगणें जवळजवळ भागच आहे. कारण मूल सोडून गडचिरोलीकडे, किंवा आलापल्लीहून भामरागडकडे निघालें, कीं कारागीर कोठें भेटेल याचा नेम नाहीं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस झाडी, मधेंच चितळांचा कळप, आणि चैत्रांत भल्या पहाटे मोहाचीं फुलें वेंचणाऱ्या बायामुलांची वर्दळ. अशा ठिकाणीं गाडी वळावयास चुकली, किंवा हॉर्न वेळेवर वाजला नाहीं, तर काय होईल हें सांगावयास नको.

आमच्याजवळ एक जुनी जीप आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीनें विलिस जीप आपल्या देशांत आणण्यास आरंभ केला. त्याच घराण्यांतील ही, आणि वयानें बहुतेक वाचकांच्या वडिलांहून मोठी. गेल्या उन्हाळ्यांत तिला दोन दुखणीं एकदमच जडलीं. डावीकडे वळण घेतलें कीं हॉर्न आपोआप ओरडे, आणि खरोखर वाजवूं जावें तर कधीं कधीं मुका राही. शिवाय सरळ रस्त्यावरही गाडी डावीकडे ओढ घेई. एके सकाळीं चिचपल्लीच्या पुढें टोपली घेतलेली एक बाई रस्ता ओलांडूं लागली. आम्हीं बटण दाबलें, पण आवाज नाहीं. चक्र वळविलें, तरी जीप क्षणभर सरळच गेली. बाई चपळ होती म्हणून वांचली. त्याच दिवशीं आम्हीं जीप दारांत उभी केली.

तत्पूर्वीं एका कारागिरानें दोनदां नवा हॉर्न बसवून दिला होता. हॉर्न म्हणजे एक पातळ पोलादी पडदा, त्याच्या मागें विद्युच्चुंबक, व एक संपर्क. वीज वाहिली कीं चुंबक पडद्यास ओढतो. तो ओढला जातांच संपर्क तुटतो, वीज थांबते, पडदा परत येतो व संपर्क पुन्हां जुळतो. सेकंदांत शेंकडों वेळां हें घडतें. तोच त्याचा आवाज. शाळेंतील विजेची घंटा याच तत्त्वावर चालते. आतां लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही, कीं आमच्या जीपमध्यें बटण हॉर्नला वीज पुरवीत नाहीं. बॅटरीची वीज हॉर्नपर्यंत आधींच आलेली असते. बटण फक्त हॉर्नमधून निघालेल्या तारेस गाडीच्या लोखंडाशीं जोडून मंडल पुरें करतें. म्हणून ती तार वाटेंत कोठेंही लोखंडास लागली, कीं बटणाला हात न लावतां हॉर्न वाजावयाचाच.

आम्हीं हॉर्नपाशीं ही बटणाकडे जाणारी तार सोडविली. चक्र कितीही फिरविलें तरी हॉर्न गप्प. मग तारेच्या दुसऱ्या तुकड्यानें हॉर्नचें तेंच टोंक गाडीच्या घासून स्वच्छ केलेल्या लोखंडास टेंकविलें; हॉर्न खणखणीत वाजला. अर्थात् बॅटरी व हॉर्न निर्दोष. दोष पुढील तारेंत किंवा स्टिअरिंगच्या दांड्यांत. (हॉर्न वाजला नसता, तर त्याच्या विजेच्या टोंकावर लहान दिवा लावून पाहावयाचा: दिवा लागला तर हॉर्न नादुरुस्त, न लागला तर वीजच येत नाहीं.) या चाचणीस पांच मिनिटें लागलीं. ती आधीं केली असती तर दोन हॉर्नचे पैसे वांचले असते.

मग चक्र धरून वरखालीं हलविलें, तों आंतील दांडा बाहेरच्या नळींत खडखडला. वरचें बुश पार झिजलें होतें. या जीपच्या दांड्यावर एक पितळी कडें असतें, व नळीवर बसविलेला संपर्क त्यावर घासत राहतो. दांडा एका अंगास कलला कीं कडें नळीस लागे व हॉर्न ओरडे; दुसऱ्या अंगास कलला कीं संपर्क सुटे व हॉर्न मुका होई. नवें बुश घालतांच दोन्ही खोडी गेल्या.

आम्हांस वाटलें, स्टिअरिंगही सुधारलें असेल. तें सुधारलें नव्हतें. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें चक्राची मोकळी चाल ३० अंशांपेक्षां अधिक असतां कामा नये. घड्याळाच्या तबकडीवर बारापासून एकपर्यंतचें अंतर तेवढेंच. पुढचीं चाकें सरळ ठेवून, खडूनें खुणा करून पाहिलें, तों आमचें चक्र दोनापर्यंत गेलें तरी चाकें ढिम्म! मग इंजिन बंद करून, चाकांस ओट लावून, एक विद्यार्थी चक्र थोडें थोडें हलवीत बसला व दुसरा खालीं शिरून एकेका सांध्यावर हात ठेवीत गेला. दांड्यापासून डबी, डबीपासून हात, हातापासून लांब ओढदांडा, पुढें मध्यावरची बेल क्रँक, व तिच्यापासून दोन टाय रॉड, अशी ही सांखळी आहे. ज्या सांध्यांत एका बाजूनें हालचाल शिरते पण दुसरीकडे पोंचत नाहीं, तो सांधा झिजलेला. ओढदांडा हलत होता. बेल क्रँक मात्र वळण्याऐवजीं आपल्या खिळ्यावर डुलत होती. पावसाळ्यांत नाल्यांतून गाडी घातली कीं अशा सांध्यांतील वंगण धुवून जातें, व त्यांत रेती शिरते.

अशा वेळीं पुष्कळ लोक डबीवरचा स्क्रू आवळतात. तें धोक्याचें आहे. डबी मध्यावर अधिक झिजते. तेथें ती घट्ट केली तर पूर्ण वळणावर चक्र अडकूं शकतें.

डावीकडच्या ओढीचें कारण सांगण्यास थोडी लाज वाटते. डाव्या टायरांत हवा कमी होती.

काढून ठेवलेला एक हॉर्न झांकण उघडून विज्ञानाच्या खोलींत ठेविला आहे. पडदा व संपर्क ज्यांस पाहावयाचे असतील त्यांनीं मधल्या सुटींत यावें. बॅटरी मात्र आम्ही असतांनाच जोडावी.