आईच्याच वाटेने

मासेमारीबंदीच्या जून-जुलैत मिरकरवाडा बंदरात नौका शाकारून ठेवलेल्या असतात. धक्का सोसण्यासाठी कडेला बांधलेले जुने टायर मात्र तसेच लटकत राहतात. एखाद्या टायरच्या पोटात ओंजळभर पावसाचं पाणी साचलं, तर आठवड्याभरात त्यात डासांच्या अळ्या वळवळू लागतात. डेंग्यू पसरवणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस इजिप्ती अशाच पाण्यात वाढतो. रात्री चावणारा क्युलेक्स वाढतो गटारात. या दोघांत एक फरक डोळ्यांना दिसत नाही. क्युलेक्सच्या पेशींत पिढ्यान्‌पिढ्या एक जिवाणू मुक्कामाला आहे. एडिस इजिप्तीत तो निसर्गतः सहसा नसतो.

हा वोल्बाकिया. १९२४ मध्ये हर्टिग आणि वोलबाख यांनी अमेरिकेत क्युलेक्स डासातच तो प्रथम पाहिला. तो पेशीच्या आत राहतो आणि अंड्यातून पुढच्या पिढीत जातो. शुक्राणूत त्याला जागा नाही. त्यामुळे मुलगी झाली की त्याचा वंश पुढे चालतो, मुलगा झाला की खुंटतो. त्याच्या साऱ्या करामती या एका गोष्टीतून निघाल्या आहेत. लागण झालेल्या माद्यांचा वंश वाढवणारा कोणताही बदल जिवाणूत घडला, की निसर्गनिवडीत तो टिकतो. म्हणून काही कीटकांत तो नर गर्भातच मारतो, काहींत नराची मादी करतो, तर काही बारीक गांधीलमाश्यांत नराशिवायच मुली जन्माला घालतो.

क्युलेक्समधली त्याची रीत सर्वांत चतुर आहे. लागण झालेल्या नराच्या शुक्राणूत तो बिघाड करून ठेवतो. अशा नराचं लागण नसलेल्या मादीशी मिलन झालं, तर फलित अंड्यात बापाकडची गुणसूत्रं नीट विभागत नाहीत आणि अंडं मरतं. मादीतही तोच जिवाणू असेल, तर अंडं वाचतं. विष बापाकडून येतं, उतारा आईजवळ असतो. लागण झालेल्या मादीला कोणताही नर चालतो, दुसरीची अंडी मात्र वाया जातात. त्यामुळे काही पिढ्यांत सारी वस्तीच जिवाणूची होते.

यजमानही स्वस्थ बसत नाही. कोकणातही दिसणारं ‘मोठा चांदवा’ हे काळं-निळं फुलपाखरू पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरही आहे. तिथल्या सवाई बेटावर २००१ मध्ये शंभरात जेमतेम एक नर उरला होता, कारण वोल्बाकिया नर गर्भ मारत होता. २००६ मध्ये नर शंभरात चाळीसच्या आसपास पोचले. जिवाणू होता तिथेच होता. त्याला दाबणारं जनुक फुलपाखरांत पसरलं होतं, तेही दहाएक पिढ्यांत. उत्क्रांती इतक्या वेगाने घडताना फार क्वचित दिसते.

आपल्या सह्याद्रीतही हा पाहुणा घरोघरी आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातल्या फुलपाखरांच्या ५६ जाती तपासल्या. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २९ जातींत वोल्बाकिया सापडला.

आता माणसाने त्याला कामाला लावलं आहे. फळमाशीतला वोल्बाकिया एडिसमध्ये सोडला, की त्या डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. पुढचा प्रसार तो जिवाणू आपल्या जुन्याच रीतीने करतो. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात असे डास सोडलेल्या भागात डेंग्यू ७७ टक्क्यांनी घटला. पुदुच्चेरीच्या आयसीएमआर संस्थेनेही असे डास तयार केल्याचं २०२२ मध्ये जाहीर झालं.

गटारातल्या डासाला युगानुयुगं लाभलेली सोबत अशी टायरातल्या डासाला आपण मुद्दाम देतो आहोत. पण सामोआच्या फुलपाखराने शिकवलं ते विसरता कामा नये: या खेळात डास, जिवाणू आणि विषाणू तिघेही बदलत राहतात. मिरकरवाड्यातल्या टायरला खालच्या बाजूने भोक पाडून पाणी वाहू दिलं, तर त्यावर मात्र एडिसच्या कोणत्याही पिढीकडे उत्तर नाही.